आवडता आणि उत्तम

वर्ष सरत आले की याद्यांचा हंगाम सुरू होतो. वर्षातील उल्लेखनीय पुस्तके, उल्लेखनीय नाटके, उल्लेखनीय चित्रपट. दिवाळी अंकांची परीक्षणे तर फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत सुरू झालेली असतात. या याद्यांवर हुज्जत घालणे हा मराठी वाचकाचा जुना छंद. आमच्या घरात या छंदाला अलीकडे एक नवे क्षेत्र मिळाले आहे, ते म्हणजे व्हिडिओ गेम. डिसेंबरअखेरीस माझी मुलगी, तिचा आतेभाऊ आणि मी असे तिघे वर्षातला आपापला आवडता खेळ जाहीर करतो, आणि उरलेले दोघे त्या निवडीची उलटतपासणी घेतात. पंचेचाळिशी ओलांडलेल्या मराठीच्या प्राध्यापकाने असले खेळ खेळावेत याचे स्टाफरूममध्ये कोणाला हसू येते, कोणाला काळजी वाटते. माझा अनुभव मात्र असा, की साहित्यविचारात ज्या प्रश्नांची आपण नुसती चर्चा करतो, ते प्रश्न इथे थेट हाताशी भिडतात. २०२३ सालचा आमचा वाद या दृष्टीने सांगण्याजोगा आहे.

ते साल खेळांच्या बाबतीत विलक्षण संपन्न होते. ७ डिसेंबर २०२३ रोजी लॉस एंजेलिस येथे झालेल्या 'द गेम अवॉर्ड्स' या सोहळ्यात वर्षातील सर्वोत्तम खेळाचा मान 'बाल्डर्स गेट ३'ला मिळाला. तिथे नव्वद टक्के मत परीक्षकांचे आणि दहा टक्के सामान्य खेळाडूंचे असते. आमच्याकडे परीक्षक नाहीत आणि टक्केवारीही नाही. नियम एकच : 'मला आवडला' हे वाक्य 'कारण' या शब्दावाचून संपवायचे नाही.

भाच्याची निवड 'बाल्डर्स गेट ३' हीच होती. बेल्जियममधल्या लारियन स्टुडिओजने तयार केलेला हा खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या १९७४ साली आलेल्या बैठ्या खेळाच्या परंपरेतला. इथे कोणाचे मन वळवायचे, कोणाला धमकवायचे, तर वीस बाजूंचा फासा टाकावा लागतो. दान उलटे पडले तरी बहुतेक वेळा कथा थांबत नाही. वेगळ्या वाटेने जाते. फाशांवर माणसांचे प्राक्तन फिरणे आपल्याला महाभारतापासून ठाऊक आहे; फरक इतकाच, की इथे फासा आपल्या हातात असतो. कथेच्या पूर्वार्धातच एका वनात आश्रय घेतलेले निर्वासित भेटतात. त्यांना वाचवता येते, किंवा त्यांच्यावर चालून येणाऱ्यांना सामील होता येते. भाचा म्हणाला, "मामा, पहिल्यांदा मी त्यांना वाचवलं. दुसऱ्यांदा मुद्दाम त्यांच्यावर उलटलो. खेळ काही बोलला नाही, करू दिलं. पण नंतर ते वन रिकामं दिसलं तेव्हा मला पुढे खेळवेना. हे मला कादंबरीत कधी झालं नाही, कारण कादंबरीत ते दुसऱ्या कोणी तरी केलेलं असतं."

मुलीला हे फारसे पटले नाही. तिची निवड होती 'द लेजेंड ऑफ झेल्डा : टिअर्स ऑफ द किंगडम'. निन्टेन्डोचा हा खेळ मे २०२३ मध्ये आला. त्यात गोष्ट आहे, पण तिच्या मते ती निमित्तमात्र. खरी गंमत अशी, की ओंडके, चाके, पंखे, फळ्या अशा वस्तू एकमेकींना चिकटवून वाटेल ते यंत्र बनवता येते. एक ओढा ओलांडायला तिने पूल बांधला; भाच्याने तोच ओढा पंखा लावलेल्या तराफ्यातून पार केला. दोघांचेही उत्तर बरोबर. "गोष्टच हवी असेल तर पुस्तकं आहेत ना," ती म्हणाली, "खेळाने आधी खेळ असावं." मी तिला सांगितले, की हा मर्ढेकरी बाणा झाला. कलाकृतीचे सौंदर्य आशयाच्या उपयुक्ततेत किंवा बोधात न शोधता त्या माध्यमातल्या लयबद्ध रचनेत शोधावे, संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांवर तिची पारख करावी, ही भूमिका मराठीत मर्ढेकरांनी मांडली. मर्ढेकरांनी हा खेळ पाहिला असता तर काय म्हटले असते ते सोडा. पण डुगडुगणारा तराफा समतोलावर आणताना माझ्या मुलीला जो आनंद होतो, त्याचे वर्णन करायला त्यांची परिभाषा आजही कामी येते, हे मला महत्त्वाचे वाटले.

माझी निवड होती 'वेण्बा'. टोरंटोच्या विसाई गेम्स या छोट्या चमूने केलेला, जेमतेम दीड तासात संपणारा हा खेळ. वेण्बा हे तमिळ काव्यातल्या एका प्राचीन छंदाचे नाव. आपल्याकडे मुलीचे नाव 'ओवी' ठेवावे तसे. नवऱ्यासह १९८०च्या दशकात कॅनडात स्थायिक झालेली ही स्त्री आईच्या पाककृतींची जीर्ण वही उघडून स्वयंपाक करते. पाने फाटलेली, अक्षरे पुसलेली, आणि गाळलेल्या जागा आपण भरायच्या. इडलीपात्रातल्या ताटल्या कशा रचल्या म्हणजे वाफ वरपर्यंत पोचेल, हे तिथले पहिले कोडे. मुलगा कविन मोठा होत जातो, तशी घरातली तमिळ त्याच्यापासून दूर सरकत जाते.

उलटतपासणी कडक झाली. "बाबा, यात खेळ कुठे आहे?" मुलीने विचारले. "इडली बिघडली तर पुन्हा करायची, बस. तू खेळाला मत देत नाहीयेस, आजीच्या वहीला देतोयस." आक्षेप वर्मी लागणारा होता. आईची तशी वही आमच्या घरात आहे. तिच्यातल्या 'आधण', 'मोहन', 'गोळीबंद पाक' या शब्दांपाशी माझी मुलगी अडते, आणि ती अडली की मी अस्वस्थ होतो, हेही आम्हा दोघांना माहीत आहे.

एखादी कृती आपल्या आठवणींना स्पर्श करते म्हणून आवडली, तर ते श्रेय कृतीचे की आठवणींचे? आस्वादकाच्या खासगी आयुष्याने भरून निघालेली कृती खरोखर भरीव असते का? वर्गात हे प्रश्न मी अनेकदा फळ्यावर लिहिले आहेत. इथे ते माझ्याच निवडीला विचारले जात होते.

माझे उत्तर असे. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, आणि या दुहेरी अवस्थेत वाङ्मयाचा आनंद आहे, असा तिचा आशय. 'वेण्बा'त बराच वेळ आपण आईच्या भूमिकेत असतो. तिथे माझी समाधी अगदी सुखाची होती. मी आयुष्यभर भाषेच्या बाजूने, म्हणजे आईच्याच बाजूने, उभा आहे. पुढे मात्र खेळ आपल्याला कविनच्या जागी नेतो. वही तीच, पण आईच्या हातची तमिळ अक्षरे त्याला धड लागत नाहीत, आणि म्हणून आपल्यालाही लागत नाहीत. इतका वेळ जी वही आपली होती ती परकी होते, आणि तरीही तिच्यावरून स्वयंपाक करायचा असतो. कथेने 'त्याला वाचता येईना' असे सांगितले असते, तर मी हळहळून पान उलटले असते. खेळाने ते न येणे माझ्याच हातात दिले. माझी आठवण मला आईपाशीच बांधून ठेवत होती. तिथून उचलून मला मुलाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्याही जागी बसवले ते खेळाच्या रचनेने. म्हणून माझे मत वहीला नाही, खेळाला आहे.

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "हे कारण मान्य. निवड अमान्य." याहून न्याय्य निकाल मी कुठल्या परिसंवादातही ऐकलेला नाही. भाच्याने मात्र केळकरांना आपल्या पक्षात ओढले : विकल्प हवेत तर ते 'बाल्डर्स गेट'मध्येच आहेत. केळकरांच्या 'विकल्पा'चा अर्थ वेगळा आहे हे खरे, पण कोटी नामी होती.

या वादातून मला दोन गोष्टी हाती लागल्यासारख्या वाटतात. 'उत्तम' काय हे बहुमताने ठरवता येते. 'आवडते' काय याची मात्र ज्याची त्यानेच साक्ष द्यावी लागते. आमचे विद्यार्थी 'माझा आवडता लेखक' हा निबंध गाइडवरून उतरवतात आणि सगळ्यांची आवड शब्दशः सारखी निघते. खेळाच्या बाबतीत ती सोय नाही. प्रत्येकाने निराळा पूल बांधलेला असतो, निराळे वन उजाड केलेले असते.

दुसरी गोष्ट भाषेची. नेहमी इंग्रजीच्या कुबडीवर बोलणाऱ्या या दोन मुलांनी ही सगळी हुज्जत मराठीत घातली. 'आपल्या हातून घडणे' यासाठी शब्द शोधता शोधता भाच्याने 'कर्तेपण' हा शब्द काढला आणि तो आता आमच्या घरात रुळला आहे. भाषा टिकवण्यासाठी तिच्यात जुन्या वह्या जपाव्यात हे खरेच. पण तिच्यात नव्या गोष्टींवरून भांडताही आले पाहिजे. त्याच वर्षीच्या 'अ‍ॅलन वेक २'मध्ये लेखकाने लिहिलेले प्रत्यक्षात उतरू लागते. आमच्यापैकी कोणी त्याची बाजू घेतली नाही. कोणा वाचकाला ती घ्यावीशी वाटली तर त्याने जरूर घ्यावी. मात्र 'कारण' या शब्दावाचून वाक्य संपवू नये.