तक्त्यावरची शेवटची ओळ

तक्त्यावरची शेवटची बारीक ओळ मी न अडखळता वाचली. त्याच दिवशी नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, की उजव्या डोळ्याची नाकाकडची नजर गेली आहे आणि ती परत येणार नाही. त्याआधी दोन ठिकाणी हाच तक्ता वाचून मी 'नजर उत्तम आहे' असं ऐकून घरी आलो होतो. डोळ्याचं प्रेशर कोणी मोजलंच नव्हतं. उजव्या डोळ्यात ते ३४ निघालं. साधारण १० ते २१ असावं लागतं.

आमची शेती कळमनुरीची, पीक हळदीचं. काढणी, शिजवणी, वाळवण आणि मग ढोलात पॉलिश. पॉलिशच्या धुरळ्यानं डोळे लाल होतात, खाजतात. एका हंगामात डॉक्टरांनी थेंब दिले, चिठ्ठीवर 'सात दिवस' लिहून. पुढच्या हंगामात मेडिकलवर चिठ्ठी कोणी मागितली नाही. "तेच देतो काका, टाकत राहा, गार वाटंल." गार वाटायचंच. तासाभरात लाली उतरायची. मग शिशी संपली की दुसरी, हंगाम असो नसो. त्यात स्टेरॉइड आहे, ते महिनोन्‌महिने घातलं तर प्रेशर चढतं, हे त्या काउंटरवर एकदाही कोणाच्या तोंडून निघालं नाही. शिशी बोटाच्या पेराएवढी. चिठ्ठीशिवाय विकू नये हा इशारा तिच्यावर आहे, पण इंग्रजीत, आणि धडधाकट डोळ्यांनाही भिंग लागावं एवढ्या अक्षरात. डोळे दुखणाऱ्या माणसाला सावध करायची ही रीत कोणी मंजूर केली?

डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून निघून जातं. स्टेरॉइडनं ती जाळी तुंबते, ठिबकचा फिल्टर तुंबावा तशी. सगळ्यांचीच तुंबत नाही. साधारण तिघांत एकाचं प्रेशर चढतं, आणि घरात काचबिंदू असेल तर धोका जास्त. माझ्या वडिलांची नजर म्हातारपणी गेली, ती आम्ही मोतीबिंदूच्या नावावर टाकली होती. प्रेशर चढलं तरी दुखत नाही. डोळ्यामागची नस हळूहळू मरत जाते, हाच काचबिंदू. आधी कडेचं जातं, समोरचं शेवटपर्यंत राहतं. म्हणून तक्ता वाचता येतो. फील्ड टेस्टला हनुवटी टेकवून बसलो, दिवा दिसला की बटण दाबायचं होतं. कागद हातात आला तेव्हा त्यावर काळा डाग होता. मला मात्र कुठेच काळं दिसत नव्हतं.

ते थेंब बंद केल्यावर प्रेशर उतरलं, पण पुरेसं नाही. आता रोज रात्री दुसरे थेंब, जन्मभर. हे चुरचुरतात, डोळा थोडा लालच ठेवतात, आणि टाकल्यावर काही सुधारल्यासारखं वाटत नाही. ज्यांनी बरं वाटायचं त्यांनी नजर नेली. ज्यांनी काहीच वाटत नाही ते उरलेली राखतात. बरेच जण इथेच कंटाळून औषध सोडतात. सोडू नका. एका मोठ्या अभ्यासात प्रेशर एका अंकानं उतरलं, तरी नजर आणखी ढासळण्याचा धोका दहा टक्क्यांच्या आसपास कमी झाल्याचं दिसलं. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून ठेवायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, काही थेंबांनी धाप लागते.

माझी न उघडलेली शिशी फ्रिजमध्ये ठेवावी लागते. मे महिन्यात आमच्याकडे वीज गेली की घरचा फ्रिज कामाचा नाही. तेव्हा ती ठेवतो कोण? तोच मेडिकलवाला, त्याच्या इन्व्हर्टरवरच्या फ्रिजमध्ये, एक पैसा न घेता. रात्री दहालाही काढून देतो. त्याच्यावर तक्रार करायची असं मी ठरवलं होतं. केली नाही. राग गेला असंही नाही.

खरा राग आता वेगळ्याच गोष्टीचा येतो. आपल्याकडे मोतीबिंदूची शिबिरं भरतात, आणि भरावीत. १९७६ पासूनच्या सरकारी कार्यक्रमानं लाखो लोकांना पुन्हा दिसायला लागलं. पण त्याच रांगेत चाळिशीपुढच्या प्रत्येकाचं प्रेशर का मोजू नये, नस का बघू नये? प्रेशर मोजायचं हातात मावणारं उपकरण नॉर्वेच्या श्यॉट्झनं १९०५ मध्ये केलं. तमिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयानं गावोगाव तपासणी केली, तेव्हा काचबिंदू असलेल्या दहांतल्या नवांना तो आहे हे ठाऊकच नव्हतं. इथं काही वेगळं असेल असं मला वाटत नाही.

माझी बहीण आखाडा बाळापूरला असते. मी आग्रह केला म्हणून तिनं तपासून घेतलं. तिचंही प्रेशर वाढलेलं निघालं, पण नस अजून शाबूत आहे. धाकटा भाऊ मात्र म्हणतो, "मला सगळं दिसतंय, दादा." मलाही सगळं दिसत होतं. तुमच्या घरात कोणाला काचबिंदू असेल, तर सख्ख्या भावंडांना आणि मुलांना या महिन्यातच घेऊन जा, आणि तक्ता वाचून झाला म्हणून उठू नका. प्रेशर मोजा आणि नस बघा, असं तोंडानं सांगा.