आधीची कुपी

छाटणीच्या दिवसांत माझ्या पुतण्यास सर्दी झाली, उजवा कान ठणकू लागला, आणि तो एके रात्री फुटून वाहू लागल्यावर ठणका थांबला म्हणून आम्हां सर्वांनाच हायसे वाटले. पुढे ताप आणि डोकेदुखी सुरू झाली, तेव्हा गावातल्या डॉक्टरांकडून एक इंजेक्शन घेऊन तो घरी आला. रात्री ताप उतरला, दोन घास जेवलाही. पहाटे मात्र तो घरच्या माणसांना ओळखेनासा झाला. हनुवटी छातीला टेकवून पाहिली तर मान जराही वाकेना. तशीच गाडी काढून आम्ही त्याला मिरजेस नेले.

तेथील तरुण डॉक्टरबाईंनी प्रथम विचारले, "काका, काल कोणतं इंजेक्शन दिलं? अँटिबायोटिक होतं का?" मी फोन लावला. कंपाउंडर म्हणाला, "तापाचं आणि दुखण्याचं." चिठ्ठी नाही, केसपेपर नाही. मामलेदार कचेरीत उभी हयात बारनिशी सांभाळण्यात घालविलेल्या माझ्यासारख्या मनुष्याला, ज्या वस्तूचा अंमल देहावर होतो तिची कोठेच नोंद नसावी, ही गोष्ट त्या गडबडीतही बोचली.

बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. तपासणीसाठी रक्त काढून घेऊन त्यांनी सिस्टरला डेक्सामेथासोन भरावयास सांगितले. आठ मिलिग्रॅमची एक कुपी पूर्ण आणि दुसरीतले पाव, असे दहा मिलिग्रॅम सिरिंजमध्ये ओढले गेले. शेजारच्या ट्रेमध्ये सेफ्ट्रिअॅक्सोनच्या पांढुरक्या पुडीत पाणी सोडून सिस्टर ती बाटली तळहातांत घोळवीत होत्या, आणि जंतू मारणारे औषध समोर तयार होत असता सुजेचे औषध आधी जात आहे हे पाहून माझा धीर सुटला. "बाई, ते आधी द्या की!"

"जंतू मेले की फुटतात, काका, आणि सूज तेव्हाच भडकते. आधी हे, मग लगेच ते," एवढेच त्या म्हणाल्या, आणि पहिली सिरिंज रिकामी होताच दुसरे औषध चालू झाले. त्यानंतर पाठीच्या मणक्यातून काढलेले पाणी, जे नितळ असावयास हवे, ते पेजेसारखे गढूळ निघाले: मेंदूच्या आवरणाचा दाह, म्हणजे मेनिंजायटिस.

त्यामागची मीमांसा त्यांनी मला सवडीने सांगितली. प्रतिजैविकाने जंतूची भिंत फुटली की तिचे तुकडे मेंदूभोवतीच्या पाण्यात मिसळतात. त्यांना शत्रू मानून शरीर दाहाचे संदेश सोडते. आणि कवटीला प्रसरण ठाऊक नसल्यामुळे त्या सुजेचा भार मेंदूवर, तसेच आतल्या कानावर पडतो. डेक्सामेथासोन हे संदेश निर्माण होण्यापूर्वी पोहोचले तर त्यांना आवर घालते. एकदा ते सुटले की त्याचा इलाज फारसा चालत नाही. म्हणून प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेच्या किंचित आधी, निदान तिच्याबरोबर, हा नियम. युरोपीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेने उशिराची मुदत चार तासांपर्यंत दिली आहे. मात्र या क्रमासाठी प्रतिजैविकाला ताटकळत ठेवणे हा त्याहून मोठा अनर्थ होय.

या क्रमाला आधार आहे तो २००२ साली प्रसिद्ध झालेल्या डच वैद्यांच्या अभ्यासाचा. त्यातील मेनिंजायटिसच्या ३०१ प्रौढ रुग्णांपैकी ज्यांना हे औषध आधी अथवा बरोबर मिळाले त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. आणि न्यूमोकॉकस या जंतूच्या रुग्णांत (हाच जंतू पुढे आमच्या पुतण्यातही निघाला) ते ३४ वरून १४ वर आले. परंतु २००७ साली मलावीतून आलेल्या अहवालात या औषधाने काहीच लाभ दिसला नाही. तेथील बहुतेक रुग्ण एचआयव्हीने ग्रासलेले होते आणि पुष्कळजण फार उशिरा दाखल झालेले. तेव्हा एक पुतण्या वाचला म्हणून मी या औषधाचा भाट होऊ इच्छीत नाही.

चार दिवस दर सहा तासांनी तीच मात्रा चालली. मध्यरात्रीची सिस्टर घड्याळ पाहून येई आणि तक्त्यावर वेळ मांडून सही करी. ती सही पाहून मला जे समाधान होई ते इतरांना हास्यास्पद वाटेल.

पहिल्याच दिवशी दुपारी गावाहून फोन आला होता. आदल्या संध्याकाळच्या सिरिंजमध्ये डायक्लोफेनॅक होते, आणि त्यात मिसळलेले डेक्सामेथासोन. बाई क्षणभर काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "म्हणूनच रात्री बरं वाटलं." जंतूंना हात न लावता ताप आणि वेदना तेवढ्या त्याने झाकल्या होत्या, आणि आमची एक अख्खी रात्र गेली होती. आमच्या तालुक्यात कणकण, संधिवात, दमा, अंगावरची खाज, कशावरही 'डेक्सा' टोचण्याची वहिवाट आहे, आणि रोग्यालाही लगेच उतार पडतो म्हणून कोणी तक्रार करीत नाही.

पुतण्या आता बागेत जातो. उजव्या कानाने त्याला किंचित कमी ऐकू येते. बरा झाल्यावर मी त्या डॉक्टरांकडे जाऊन, प्रत्येक इंजेक्शनाचे नाव आणि वेळ चिठ्ठीवर लिहून देत जा, अशी विनंती केली. गृहस्थ भले आहेत, त्यांनी ती मान्य केली. आमच्या घरच्या माणसांना ते आता चिठ्ठी देतात. रांगेतल्या बाकीच्यांना देत नाहीत.