नाक वर, शेपूट खाली

ऑस्ट्रेलिया म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कांगारू, बीच, ब्रेट ली... माझ्या डोळ्यांसमोर आता हवेचा एक रबरी फुगा येतो. गाडीच्या स्प्रिंगमध्ये बसवलेला!

झालं असं. माझा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, अ‍ॅडलेडला आयटीत आहे. त्याने सेकंडहँड प्रॅडो घेतली आणि तिच्यामागे ओढायला एक सेकंडहँड कॅरव्हॅन. बेड, फ्रिज, गॅस, सगळं आत. मी सप्टेंबरात तिथे गेले आणि ठरलं, दादा, वहिनी, सात वर्षांची पुतणी आणि मी, फ्लिंडर्स रेंजेसमधल्या विल्पेना पाउंडला जायचं. सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर. कांदेपोह्यांची तयारी, कुकर, लोणचं... वहिनीने अर्धं पुणं कॅरव्हॅनमध्ये भरलं होतं.

कॅरव्हॅन जोडली आणि प्रॅडोचं शेपूट खाली बसलं, नाक वर. ऊस कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॉली ओढणारे ट्रॅक्टर पाहिलेत ना, पुढची चाकं उचलणारे? त्याची सभ्य आवृत्ती. दादाने दोन उपाय केले. मागच्या स्प्रिंगमधल्या फुग्यांत हवा ठासून भरली आणि कॅरव्हॅनमधलं जड सामान, अगदी दोन सायकलींसकट, मागच्या टोकाला नेलं. हुकवरचं वजन कमी, गाडी लेव्हल. "बघ, फिजिक्स!" तो म्हणाला. मला पटलं. मी काय, मास कॉमवाली.

पोर्ट वेकफिल्ड सोडल्यावर लोकीएल लागतं. तिथल्या बम्बंगा तळ्याचं पाणी गुलाबी दिसतं आणि त्यात टायरांचा एक गमतीशीर राक्षस उभा आहे. त्याचे फोटो काढून निघालो. पुढे स्नोटाउनच्या डोंगररांगेवर पवनचक्क्याच पवनचक्क्या. २००८ मध्ये सुरू झालेल्या इथल्या पहिल्या टप्प्यातल्या ४७ चक्क्या आपल्या पुण्याच्या सुझलॉनच्या आहेत, बरं का! अभिमानाने ऊर वगैरे भरून आला. पण जिथे पवनचक्क्या लावतात तिथे वारा असतो, हे लक्षात यायला हवं होतं.

समोरून दोन डब्यांचा अजस्र ट्रक गेला. त्याच्या हवेने कॅरव्हॅनला आधी बाहेर ढकललं, मग आत ओढलं. ती डावीकडे गेली, उजवीकडे गेली आणि थांबेचना! प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. पुतणी किंचाळली. दादाने ब्रेकवर जाणारा पाय आवरला, अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि डॅशबोर्डखालची छोटी कळ दाबली, फक्त कॅरव्हॅनचे ब्रेक लावणारी. मागून गच्च ओढल्यासारखं झालं आणि गाडी सरळ आली. बाजूला थांबल्यावर पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग वहिनी म्हणाली, "हिला घेऊन मी पुढे येणार नाही."

रखडत, सत्तरच्या वेगाने पोर्ट ऑगस्टाला पोचलो. तिथे एका गॅरेजमध्ये साठीचा, कमी बोलणारा मेकॅनिक भेटला. त्याने गाडीखाली वाकूनही पाहिलं नाही. आधी वजन! भरलेली कॅरव्हॅन २,२०० किलो आणि हुकवर फक्त ११०. "दहा टक्के हवेत," तो म्हणाला. मागे जड आणि पुढे हलकी कॅरव्हॅन शेपटीसारखी हलते. म्हणजे दादाने गाडीचं दुखणं झाकायला कॅरव्हॅनला नवं दुखणं लावलं होतं.

सामान पुन्हा चाकांवर आणि पुढे. हुकवर २२०. मग त्याने टेप काढली आणि चारी चाकांच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंत मापं घेतली, कॅरव्हॅन जोडण्याआधी आणि जोडल्यावर. फुगे रिकामे ठेवून. मागे ६५ मिलिमीटर खाली, पुढे २० वर. त्या २० मध्येच खरी गोम आहे. हुक मागच्या चाकांच्या जवळजवळ सव्वा मीटर मागे असतो, त्यामुळे सी-सॉ होतो. हुकवर २२० पडले तर मागच्या चाकांवर तीनशेच्या वर वाढतात आणि पुढच्यांवरचे नव्वदेक किलो चक्क कमी होतात. स्टिअरिंग कशाने होतं? पुढच्या चाकांनी! फुग्यांनी शेपूट वर येतं, फोटोत गाडी झकास दिसते, पण पुढची चाकं हलकी ती हलकीच.

दुसऱ्या दिवशी त्याने मागे जाड कॉइल स्प्रिंग टाकल्या आणि त्यांना आवरतील असे शॉकअप. नुसत्या कडक स्प्रिंगवर जुने शॉकअप म्हणजे चेंडूवर बसल्यासारखं, म्हणे. शेवटी हुकपाशी वजन वाटणारे दोन स्टीलचे दांडे. साखळी ताणली की ते हुकचा बोजा थोडा पुढच्या चाकांवर, थोडा कॅरव्हॅनच्या चाकांवर परत ढकलतात. साखळीची एकेक कडी बदलत तो टेप लावत राहिला. पुढचं माप पाच मिलिमीटरवर आलं तेव्हा पहिल्यांदा हसला. फुग्यांचं काय? "थोडी हवा ठेव, फुटू नयेत म्हणून." आणि एक दम: स्प्रिंग बदलली म्हणून गाडीची कायदेशीर वजनमर्यादा वाढत नाही, हुकवरचे २२० किलो तिच्यातच मोजायचे. लोणच्याच्या दोन बरण्या तिथेच वाटल्या. खर्च विचारू नका, दादाने मलाही सांगितला नाही.

विल्पेना? भन्नाट! वाटीसारखी डोंगरांची कडं, पहाटे दारात एमू. अद्न्यामथन्हा लोक या जागेला इकारा म्हणतात, भेटण्याची जागा, आणि २०१६ पासून ते नाव राष्ट्रीय उद्यानालाही लागलंय. वहिनी आली होती, पण पुतणीचा हात सोडत नव्हती.

परतताना पुन्हा स्नोटाउन, पुन्हा तोच वारा. समोर ट्रक दिसला. दादाने वेग नव्वदवर आणला, डावा हात कळीपाशी नेला. ट्रक गेला. कॅरव्हॅनने एक हलकासा धक्का दिला, बस्स. वहिनीने आरशात पाहिलं, मग मागे वळून. पुतणी झोपलेली होती. "पोहे खाणार का?" तिने विचारलं आणि डबा उघडला.