पांढरी, काळी आणि छप्पन्न क्रमांकाचे पत्रक

तेरणा नदीकाठचे माकणी हे धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील गाव बाहेरच्या लोकांना मुख्यतः धरणामुळे माहीत आहे. निम्न तेरणा प्रकल्प हे त्या धरणाचे कागदोपत्री नाव. लोकांच्या तोंडी मात्र ते माकणीचे धरण असून त्याचे पाणी धाराशिव आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील गावांना जाते. विसाव्या शतकाच्या अखेरीस या परिसराची जमीन दोनदा पालटली. आधी नदीकाठचा पट्टा जलाशयाखाली गेला, आणि त्यानंतर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी, झालेल्या भूकंपाने सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी, किल्लारी अशी गावे पाडली आणि उरलेल्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची जागा सोडायला लावली. ज्या मुलखाचा भूगोल एका माणसाच्या आयुष्यात असा बदलतो, तेथे इतिहास शोधणाऱ्याला ताम्रपट आणि दप्तरे यांच्या जोडीने एका रुक्ष सरकारी कागदाकडे वळावे लागते. तो कागद म्हणजे जुना स्थलदर्शक नकाशा, ज्याला महाविद्यालयात आणि कचेरीत सर्रास टोपोशीट म्हणतात.

स्थलदर्शक नकाशा म्हणजे जमिनीचा चढउतार, पाणी, वस्ती, वाटा आणि झाडोरा हे सारे एका ठरावीक प्रमाणात व ठरावीक चिन्हांनी दाखवणारा नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून असे नकाशे रंगीत छापायला घेतले, तेव्हा त्यांचे मुख्य प्रमाण एका इंचाला एक मैल असे होते. दशमान पद्धत आल्यावर त्याची जागा १:५०,००० या प्रमाणाने, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर या हिशेबाने, घेतली. सारा देश चार अंश लांबीरुंदीच्या मोठ्या चौकोनांत विभागून त्यांना क्रमांक दिलेले आहेत, प्रत्येक चौकोनाचे सोळा भाग इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात, आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा तुकडे केले की पंधरा मिनिटांचे एक पत्रक मिळते, ज्यात या अक्षांशावर पूर्व-पश्चिम सुमारे साडेसव्वीस किलोमीटरचा टापू मावतो. तेरणाकाठचा हा प्रदेश छप्पन्न क्रमांकाच्या चौकोनात येतो. परंतु अठरा अंश उत्तर अक्षांशाची रेघ नेमकी याच मुलखातून जात असल्यामुळे किल्लारी ‘छप्पन्न बी’मध्ये आणि उमरगा ‘छप्पन्न सी’मध्ये पडते. नात्यागोत्याने, बाजाराने आणि भूकंपाने एक असलेला भाग कागदावर असा दोन गठ्ठ्यांत विभागला गेला आहे, आणि त्याचा अभ्यास करू पाहणाऱ्याला प्रथम पत्रकांच्या पांढऱ्या कडा दुमडून ती एकमेकांना जोडावी लागतात.

माकणी परिसरात १९७० च्या आसपास जन्मलेल्या माणसाची नकाशाशी ओळख कशी होत गेली, हे पाहिले तर या कागदाचे स्थान अधिक नीट कळते. प्राथमिक शाळेत त्याने उस्मानाबाद जिल्ह्याचा जो नकाशा गिरवला त्यात लातूरही होते, कारण लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. ज्या तालुक्याचे नाव त्याने पाठ केले तो उमरगा होता, लोहारा नंतरचा. आणि जिल्ह्याचे धाराशिव हे नाव सरकारी कागदावर आले ते २०२३ मध्ये, म्हणजे त्याच्या पन्नाशीनंतर. शाळेच्या बाहेर त्याने पाहिलेला दुसरा नकाशा तलाठ्याच्या दप्तरातील गावनकाशा. त्यात फक्त शिवार होते: बांध, शिव, पाणंद आणि प्रत्येक तुकड्यात एक आकडा. हा आकडा आधी सर्वे नंबर होता, एकत्रीकरणानंतर तो गट नंबर झाला, आणि त्यामागची मोजणी निजामाच्या राज्यात सालारजंगांच्या काळात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर सुरू झाली होती. गावनकाशात डोंगर नाही, चढ नाही, शेजारचे गावही नाही. शिवेपलीकडे कोरा कागद. जमीन कुणाची, हा त्याचा एकमेव प्रश्न.

तिसरा नकाशा भेटला तो महाविद्यालयात, भूगोलाच्या प्रात्यक्षिकात. तेथे विद्यार्थ्यांना जे पत्रक वाचायला दिले जाते ते बहुधा भलत्याच मुलखाचे असते. समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या तपकिरी रेषा, मोजायच्या, अधिवास केंद्रित आहे की विखुरलेला ते लिहायचे, आणि जर्नलवर सही घ्यायची. आपल्याच गावाचे पत्रक कोठेतरी असेल, हा विचार त्या वयात सहसा कुणाला शिवत नाही. शिकवण्याच्या या पद्धतीत एक मोठी संधी वाया जाते, असे म्हणायला हरकत नाही. कारण अनोळखी मुलखाच्या नकाशात चिन्ह पाहून वस्तू ओळखायला शिकता येते, पण चिन्ह आणि वस्तू यांच्यातील तफावत दिसते ती फक्त ओळखीच्या मुलखात.

त्या तफावतीची काही उदाहरणे समासातील खुणांच्या यादीतच सापडतात. यादीत बांधलेल्या विहिरीला एक खूण आहे आणि न बांधलेलीला दुसरी. देऊळ, मशीद, ईदगाह, थडगे, छत्री यांना स्वतंत्र खुणा आहेत. गाडीवाट आणि पाऊलवाट वेगळ्या आहेत. एवढेच काय, ओढ्याच्या पात्रातूनच जाणाऱ्या वाटेलाही वेगळे चिन्ह आहे, आणि मराठवाड्यातील उन्हाळ्याची ओळख असणाऱ्याला त्याचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. ताडामाडांना खास खूण मिळाली आहे. बाभूळ, लिंब आणि चिंच मात्र ‘इतर झाडे’ या एकाच खुणेत बसतात. शेंदूर फासलेल्या दगडाला, पाराला, खळ्याला खूण नाही. कोरड्या ओढ्याची रेघ काळी असते आणि पाण्याची निळी. तपशिलाची मोजणी पावसाळा संपल्यावर, थंडीच्या व उन्हाळ्याच्या महिन्यांत होत असल्यामुळे मोजणीदारांनी पाहिलेली नदी पूर उतरलेली नदी असते, हे निळ्या-काळ्याचा अर्थ लावताना ध्यानात ठेवावे लागते.

रंगांचा एक विनोद मराठी वाचकालाच कळेल असा आहे. गावाच्या भाषेत वस्तीच्या जागेला पांढरी आणि शेतजमिनीला काळी म्हणतात, कारण शतकानुशतके राख, शेण, भिंतींची माती आणि केरकचरा साचून गावठाणाची माती पांढुरकी होते. सर्वेक्षण विभागाच्या पत्रकात ही पांढरी लाल रंगात छापली जाते आणि काळी पिवळ्या रंगात.

खुणांच्या यादीतील एक नोंद मात्र इतिहासाच्या दृष्टीने बाकी सगळ्यांपेक्षा मोलाची आहे. गावांच्या दोन जाती तेथे दिल्या आहेत, वसती असलेले आणि ओसाड. निजामी महसुलात ओसाड गावाला बेचिराग म्हणत. बे म्हणजे विना आणि चिराग म्हणजे दिवा, तेव्हा ज्या गावात संध्याकाळी दिवा लागत नाही ते बेचिराग. मराठीत हा शब्द ‘बेचिराख’ असा रुळला आणि त्याला राखेचा वास लागला. मूळ अर्थात जाळपोळ नव्हती, फक्त अंधार होता. दुष्काळ, रोगाची साथ, पेंढाऱ्यांची धाड, आटलेली विहीर अशा कोणत्याही कारणाने माणसे उठून गेली तरी अशा गावाची शिव महसुली दप्तरात कायम राहत असे, त्याची जमीन शेजारच्या गावचे लोक कसत, आणि नाव सातबाऱ्यावर जिवंत राही. ज्या टेकाडावर नांगराला खापरे लागतात आणि ज्याला लोक नुसते पांढरीचे शेत म्हणतात, त्याच्या शेजारी जुन्या पत्रकात एखादे नाव छापलेले सापडले, तर ते नाव, महसुली यादी आणि टेकाड ही तीन टोके जुळवता येतात. ग्रामेतिहासाचे काम बहुतांशी अशा जुळवाजुळवीचेच असते.

ही पद्धत नवी नाही, आणि तिचे नामांकित उदाहरण तेरणेच्याच वरच्या अंगाला आहे. ग्रीक भाषेतील ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात तगर नावाच्या व्यापारी नगराचा उल्लेख असून ते पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. हे नगर कोठले, यावर एकोणिसाव्या शतकात जुन्नरपासून देवगिरीपर्यंत अनेक तर्क झाले, शेवटी जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये ते तेरणाकाठचे तेर, म्हणजे संत गोरोबाकाकांचे गाव, असल्याचे मांडले आणि पुढे उत्खननांतील अवशेषांनी त्याला बळ दिले. ताम्रपटात दान दिलेल्या गावाच्या चारही शिवांवरची गावे सांगितलेली असतात; ती नावे ‘इंडियन अ‍ॅटलास’च्या पत्रकांवर शोधायची आणि चारांपैकी दोन-तीन नावे एका ठिकाणी जमली की मधले गाव ओळखायचे, ही रीत फ्लीट यांनी रुळवली आणि वा. वि. मिराशींनी वाकाटकांच्या लेखांसाठी ती विदर्भात वापरली. नाव एकटे असले की फसवते. शेजाऱ्यांसकट आले की साक्ष देते.

‘इंडियन अ‍ॅटलास’ ही एका इंचाला चार मैल या प्रमाणातील नकाशामाला १८२७ पासून छापली जाऊ लागली, आणि तिचा पाया विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी हा होता. एक आधाररेषा साखळीने मोजायची आणि पुढे केवळ कोन मोजत डोंगरमाथ्यांवरून त्रिकोणांची माळ गुंफत न्यायची, अशी ही पद्धत. लॅम्बटन यांचा अंत २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला झाला. त्यांची मुख्य साखळी बिदरजवळून उत्तरेस गेली. तेथील दामरगिद्दा या ठाण्यापासून त्रिकोणांची दुसरी, आडवी साखळी मुंबईकडे नेली गेली, आणि तेरणेचा मुलूख मोजमापाच्या जाळ्यात आला तो या दोन साखळ्यांच्या आसऱ्याने. मद्रासच्या वेधशाळेचे रेखांश त्या काळी जे धरले होते त्यात सुमारे अडीच मिनिटांची चूक होती आणि ती साऱ्या जुन्या पत्रकांत उतरली. अठरा अंशांवर या चुकीचे अंतर चार किलोमीटरहून अधिक भरते. जुन्या पत्रकावरचे आकडे जसेच्या तसे आजच्या फोनमध्ये टाकणारा माणूस म्हणूनच पूर्वेकडच्या भलत्याच गावाच्या शिवारात उतरतो आणि जुन्या मोजणीदारांना नावे ठेवतो. वास्तविक त्या पत्रकातील गावागावांमधली अंतरे बरीच भरवशाची असतात, चूक साऱ्या पत्रकाला सारखीच लागलेली असते.

भूकंपानंतर या कागदाकडे पाहण्याची दृष्टी बदलली, किंवा बदलायला हवी होती. येथील घरे दगडमातीच्या जाड भिंतींची आणि माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेल्या सपाट छपराची. त्या थरासाठी पाणी न झिरपणारी पांढरीचीच माती वापरत. ज्या मातीने पिढ्यांना उन्हापावसापासून राखले तीच त्या पहाटे अंगावर आली. धरणाच्या पाण्याने भूकंप झाला की काय, यावर शास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाला आणि गावांत त्याहून अधिक. पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली: आखीव रस्ते, ओळीतले प्लॉट, गल्लीऐवजी लेन. जुन्या गावात वेशीपासून चावडीपर्यंत जाताना कोणाचे घर कोणाला लागून, हे भावकीने आणि जातीने ठरलेले होते. नव्या गावात ते यादीतील क्रमांकाने ठरले. त्यात काही जुने जाच सुटले, हेही नोंदवले पाहिजे. जुन्या गावठाणाच्या आठवणीने गहिवरणारे लेखक गावकुसाबाहेरच्या घरांची जागा सांगायला विसरतात, आणि एका इंचाला एक मैल दाखवणारा नकाशाही ती सांगत नाही, कारण लाल रंगात सारी पांढरी एकच दिसते.

नव्या आवृत्तीच्या पत्रकात गावाचे नाव नव्या वस्तीशेजारी जाते, आणि जुनी जागा समासातील त्या दुसऱ्या जातीत, ओसाड गावांत, जमा होते. नाव माणसांबरोबर चालत गेले, जागा मागे राहिली. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या बेचिराग गावांचे असेच घडले असणार, फक्त त्यांची तारीख कुणाजवळ उरली नाही. मध्यम वयात आपल्या भागाचे पत्रक पहिल्यांदा हाती आलेल्या माणसाची बोटे म्हणूनच नवी गावे शोधत नाहीत. ती १९९३ पूर्वीच्या मोजणीचे वर्ष समासात आहे का ते पाहतात, आणि छपाईचे साल व मोजणीचे साल वेगळे असते हे त्याला ठाऊक असेल तर तो छपाईकडे लक्षही देत नाही.

एक उणीव मात्र कोणत्याही आवृत्तीने भरून निघत नाही. ही पत्रके रोमन लिपीत छापलेली आहेत, आणि रोमन लिपीला न आणि ण, ल आणि ळ, त आणि ट यांतील फरक कळत नाही. माकणीतील ण, तळणीतील ळ आणि ण, मंगरूळचा ळ हे सारे कागदावर सपाट होतात, आणि दोन पिढ्यांनंतर तो कागद वाचून कुणी नाव पुन्हा देवनागरीत उतरवले की नवेच गाव जन्माला येते. निजामी दप्तराच्या उर्दूने आधीच या उच्चारांची परीक्षा घेतलेली असते; २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी ती दप्तरे उघडली गेली तेव्हा या अडचणीचा अनुभव अनेक कचेऱ्यांना नव्याने आला. नावाचा खरा उच्चार अखेर गावातच विचारावा लागतो.

दुष्काळाच्या वर्षी जलाशय मागे हटतो आणि काठची जमीन भेगाळून वर येते. जुन्या पत्रकात गाडीवाटेची दुहेरी तुटक रेघ जेथे नदीकडे उतरते आणि बांधलेल्या विहिरीची खूण जेथे आहे, तेथपर्यंत अशा वर्षी पायी जाता येते, आणि चिखल वाळून दगडासारखा झाला असला तरी बांधाची ओळ ओळखू येते. पत्रक उघडून, दिशा लावून, पावले मोजत तेथे पोहोचणाऱ्या माणसाला बहुधा कुणी तरी आधीच तेथे शेरडे घेऊन आलेले दिसते; पाण्याखाली गेलेल्या आपल्या शेताच्या विहिरीपर्यंत यायला त्याला नकाशा लागलेला नसतो.