तात्यांचा टीव्ही

आमच्या तात्यांनी दोन ठिकाणी अँटेना बसवला. आधी घाटकोपरच्या भटवाडीत आमच्या चाळीच्या पत्र्यावर, आणि मग पुरंदर तालुक्यात गावच्या घरावर. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं होतं, पण आमच्याकडं टीव्ही आला तो ऐंशीनंतर. काळापांढरा, लाकडी शटरचा.

तात्या विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर. अँटेनाचं तोंड वरळीच्या मनोऱ्याकडं करून ते पत्र्यावर उभे राहायचे, मी दारात आणि आई टीव्हीपुढं. "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" आजूबाजूला इमारती चढायला लागल्या तसा बातम्या देणाऱ्या बाईच्या उजव्या अंगाला तिचीच फिकट सावली दिसू लागली. लाटा इमारतीवर आपटून जरा उशिरा पोचतात, म्हणून असं होतं. तात्या अँटेना बोटभर फिरवायचे आणि थांबायचे. मग वायर बघायचे, मग पिन. "एका टायमाला एकच गोष्ट हालवायची. दोन हालवल्या की बिघाड कशात होता, ते कळत न्हाई," हे त्यांचं सांगणं. कारखान्यातलं तेच, घरातलं तेच.

गावाला सिंहगडाच्या केंद्रावरून दिसायचं. अँटेना पश्चिमेला, उंच पाईपावर. तरी पडद्यावर मुंग्या यायच्या, म्हणून वर अँटेनापाशी बूस्टर लावला. 'आमची माती आमची माणसं' लागलं की आजी पुढं येऊन बसायची. "दिसतंय का गं आई?" तात्या वरनं विचारायचे. "पांढरं पांढरं दिसतंय," ती म्हणायची. तात्या पुन्हा पाईप फिरवायचे. आम्हा पोरांना तर बैलाची शिंगंसुद्धा साफ दिसत होती. दोन सुट्ट्या असंच चाललं. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, हे फार उशिरा कळलं. पुढं ती टीव्ही नुसता ऐकायची. तात्या त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

चाळीत केबल आली ती ब्याण्णवच्या आसपास. या छपरावरून त्या छपरावर वायर, आणि प्रत्येक घरापाशी फाटा. आम्ही शेवटच्या घरात. तात्या म्हणायचे, "पाटाच्या पाण्यासारखं हाय. टेलवाल्याला कायम कमी." नोव्हेंबर 2012 पासून मुंबईत डबा सक्तीचा झाला आणि मुंग्या गेल्या. तीन वर्षांनी आम्ही बत्तीस इंची सपाट टीव्ही आणि नवा एचडी डबा घेतला.

त्यानंतर तात्यांची खुर्ची पुढं पुढं सरकायला लागली. क्रिकेटचा स्कोअर ते नातवाला विचारू लागले. "चित्र बरं दिसतंय ना तात्या?" "बरं हाय की. पर जुन्याची सर न्हाई." आम्हालाही चित्र जरा पुसटच वाटत होतं, त्यामुळं त्यांचं बोलणं खरं धरून सगळे गप्प.

एकदा माझ्या मुलानं टीव्ही भिंतीपासून ओढला. जोडणाऱ्यानं डब्याला जुनीच तीन रंगांची वायर लावली होती. त्यातल्या पांढऱ्या-लाल पिनांतून आवाज येतो. चित्राचा उजेड आणि रंग दोन्ही एकट्या पिवळ्या पिनेतून, एकात एक मिसळून. त्यातून 576 च्या वर रेघा येतच नाहीत. डबा 1080 रेघांचा, टीव्ही चांगला, आणि मधली वायर जुन्या काळातली! पोरानं एचडीएमआयची वायर आणून लावली. खाली पळणारी बातम्यांची पट्टी आम्हाला ओट्यापासून वाचता यायला लागली.

तात्या काहीच बोलले नाहीत. बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "टीव्ही त्योच, डबा त्योच. वायर बदलली. तुमा समद्यांना साफ दिसतंय आन् मला धुकंच. मग बिघाड ऱ्हायला कुठं?"

कुणाला उत्तर देता येईना. त्यांनीच दिलं. "आईचंच दुखणं हाय ह्ये. मला कवाच कळलं व्हतं. म्हनलं, टीव्हीवर ढकलून जेवढं दिवस जात्याल तेवढं."

आठवड्याभरात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनला अर्धा तासही लागला नाही, तेव्हा मात्र तात्यांचे डोळे भरून आले. "येवढंच व्हतं व्हय?" म्हणाले. ते आजीसाठी होतं, हे आम्हाला कळलं.

पट्टी निघाल्यावर घरी येऊन ते टीव्हीपुढं बसले. एक डोळा झाकला, मग दुसरा. पुन्हा पहिला. जुन्या डोळ्यानं पांढरा सदरा पिवळट दिसत होता, नव्यानं पांढराफेक. "ह्यो एचडी," ते बोट लावून म्हणाले, "आन् ह्यो अजून पिवळ्या वायरीवर हाय."

त्याचंही दिवाळीनंतर उरकलं.