माझा मोतीबिंदू, माझ्याच गावात

गेल्या वर्षी जानेवारीत एक बाई थायरॉइडचा रिपोर्ट घेऊन दवाखान्यात आल्या. सोबत कॉलेजात शिकणारी मुलगी होती. मी कागद हातात घेतला, टीएसएच ४८ असा वाचला आणि गोळीचा डोस लिहायला लागलो. मुलगी वाकून बघत होती. ती जरा बिचकतच म्हणाली, "सर, ते चार पॉइंट आठ आहे ना?"

खिडकीतलं ऊन थेट टेबलावर पडत होतं. कागद सावलीत धरला, तेव्हा मधलं टिंब दिसलं. टीएसएच ४.८ असेल तर बहुतेक वेळा मी नुसतं थांबून पुन्हा तपासायला सांगतो. ४८ असेल तर पूर्ण डोस सुरू करतो. त्या बाईंना नको असलेला डोस गेला असता, तर धडधड, घाम, झोप उडणं हे सगळं मीच त्यांच्या मागे लावलं असतं. मुलीचे आभार मानले, चिठ्ठी फाडली. ते दोघी गेल्यावर मात्र पुढच्या पेशंटला आत पाठवायला मी पाच मिनिटं लावली.

खरं तर खुणा आधीपासून होत्या. रात्री व्हिजिटहून परतताना समोरच्या गाडीच्या दिव्यांना काटे फुटल्यासारखे दिसायचे. चाळिशीचा चष्मा सहा महिन्यांत दोनदा बदलला होता. संध्याकाळी वाचायला बरं वाटायचं आणि भर दुपारी अक्षरं पुसट. पेशंटने असं सांगितलं असतं, तर मी त्याला त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं. स्वतःच्या बाबतीत म्हणत होतो, "काचा नीट बसवल्या नसतील." वय चोपन्न. मोतीबिंदू म्हणजे सत्तरीतल्या माणसांचा आजार, अशी माझीही समजूत कुठेतरी होतीच.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं. इथे एक डोळ्यांचं छोटं हॉस्पिटल आहे. तिथले डॉक्टर माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान आहेत. त्यांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली, यंत्रातून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "सर, डोळ्यांत कधी स्टिरॉइडचे थेंब टाकलेत का? बरेच दिवस?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. दर फेब्रुवारी-मार्चमध्ये माझे डोळे खाजतात, लाल होतात. धुळीची ॲलर्जी. एमआर सॅम्पल ठेवून जातात, त्यात हे थेंब असायचे. दोन थेंब टाकले की तासाभरात डोळे शांत. पेशंटला मी हे थेंब आठवड्याच्या वर कधी लिहून दिले नाहीत. स्वतः मात्र आठ-नऊ वर्षं, प्रत्येक उन्हाळ्यात, मनाला येईल तेवढे दिवस टाकत होतो.

आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक नैसर्गिक भिंग असतं. ते गढूळ होणं म्हणजे मोतीबिंदू. बहुतेकांना तो वयामुळे होतो. मधुमेहात तो लवकर येऊ शकतो, डोळ्याला मार लागूनही येतो. स्टिरॉइडमुळे होणारा मोतीबिंदू बहुधा भिंगाच्या मागच्या पापुद्र्यावर, नेमका मध्यभागी जमतो, दुधावरच्या सायीसारखा. उन्हात बाहुली बारीक होते आणि उजेडाची सगळी वाट त्या सायीतूनच जाते. म्हणून मला दुपारी कमी दिसत होतं.

पण मोतीबिंदू ही त्यातली बरी बातमी असते. याच थेंबांनी काही जणांच्या डोळ्यांतला दाब वाढतो आणि काचबिंदू होतो. तो दुखत नाही, कळत नाही आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरांनी दाब मोजला, मागची नस तपासली. त्या दोन-तीन मिनिटांत मी काय काय मनात आणलं, ते लिहीत नाही. दाब १६ निघाला. नॉर्मल. याला माझा शहाणपणा कारण नाही, नशीब आहे. डोळे लाल झाले की मेडिकलमधून 'मागच्या वेळचेच' थेंब आणणारे माझे वाचक बरेच असतील. त्या बाटलीवर काय लिहिलंय ते एकदा कुणाकडून तरी वाचून घ्या.

घरी वाद झाला तो ऑपरेशन कुठे करायचं यावर. बायकोचं म्हणणं, "अहो, डोळ्यांचा प्रश्न आहे. पुण्याला जाऊ." माझा भाचाही तेच म्हणाला. मोठं हॉस्पिटल, मोठं यंत्र. त्यांचं चूक नव्हतं. पण गेली कित्येक वर्षं मी माझे पेशंट याच गावातल्या डॉक्टरांकडे पाठवतोय. दुसऱ्या दिवशी त्यांचे डोळे मीही पाहतो. ते हॉस्पिटल माझ्या पेशंटना चालतं आणि मला चालत नाही, हे मी कुणाला कसं सांगणार होतो? शिवाय हिशोबही साधा होता. ऑपरेशन पंधरा मिनिटांचं. पण दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने दाखवायला जायचं असतं. आणि ऑपरेशननंतर रात्री डोळा अचानक लाल झाला, दुखायला लागला, नजर कमी झाली, तर सकाळची वाट बघायची नसते. तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यात तास मोजावे लागतात. अशा वेळी पुणे दोन तासांवर असण्यापेक्षा डॉक्टर दोन गल्ल्यांवर असलेला बरा. तुमचा मोतीबिंदू गुंतागुंतीचा असेल, पडद्याचाही त्रास असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा तुमचे डॉक्टर स्वतःच मोठ्या ठिकाणी पाठवतील.

आधीच्या तपासण्यांत रक्तातली साखर, बीपी, भिंगाचा नंबर काढण्यासाठी डोळ्याची मापं, हे सगळं झालं. एका प्रश्नावर मी अडखळलो. "प्रोस्टेटची गोळी चालू आहे का, किंवा पूर्वी होती का?" मला नव्हती. पण टॅमसुलोसिन नावाची ती गोळी मी स्वतः अनेक आजोबांना लिहून देतो. तिने बाहुलीभोवतीचा पडदा सैल पडतो आणि ऑपरेशनच्या वेळी बाहुली मोठी राहत नाही. आधी ठाऊक असेल तर सर्जन तयारी ठेवतो. गोळी लिहिताना "डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय का?" हे मी आजवर एकालाही विचारलं नव्हतं. आता विचारतो.

भिंग कोणतं घ्यायचं यावर मी फार विचार केला नाही. मला रात्री गाडी चालवावी लागते. दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या महागड्या भिंगाने काहींना दिव्यांभोवती वलयं दिसतात. मी दूरसाठीचं साधं भिंग घेतलं. वाचायला चष्मा लागतोच, तर तो लागू दे. महाग म्हणजे जास्त स्पष्ट, असं इथे नसतं.

ऑपरेशनच्या दिवशी प्रतीक्षा खोलीत हिरवा गाऊन, डोक्यावर टोपी घालून बसलो होतो. दर दहा मिनिटांनी सिस्टर थेंब टाकून जात होत्या. शेजारच्या कॉटवर एक आजी होत्या. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

"आवो डाक्टर, तुमी बी हितं?"

माझ्याच पेशंट. महिन्यापूर्वी मीच त्यांना पाठवलं होतं. डोळा बाहेर काढून ताटलीत ठेवतात असं त्यांना कुणी सांगितलं होतं, आणि मी हसून म्हणालो होतो, "काही होत नाही आजी, चहा प्यायला लागतो तेवढा वेळ." आता सिस्टरने माझं बीपी घेतलं, ते १६४ वर ९६ निघालं. हात गार पडले होते. आजींनी ते पाहिलं असावं.

"काय हुत न्हाई, डाक्टर," त्या म्हणाल्या. "च्या प्याया लागतुया तेवडा येळ."

त्यांच्या स्वरात टोमणा अजिबात नव्हता.

आत इंजेक्शन नव्हतं, फक्त थेंबांची भूल. तोंडावर कापड, एकच डोळा उघडा. पापण्यांना चिमटा असतो, त्यामुळे 'मध्येच डोळा मिटला तर' ही भीती नको. जंतुनाशक टाकताना थोडं झोंबलं. मग प्रखर उजेड. तीन दिवे दिसले, ते हळूहळू एकमेकांत मिसळले, निळे-गुलाबी झाले, पाण्याखालून वर बघावं तसे. यंत्राचा आवाज बदलत होता. तेव्हा अडीच-पावणेतीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी माझं जुनं भिंग फोडून ओढून घेत होते. दुखलं नाही, दाब मात्र जाणवला. मग डॉक्टर म्हणाले, "सर, भिंग बसलं." गुंडाळी करून आत सोडलेलं भिंग जुन्याच पिशवीत उलगडलं होतं. टाका नाही.

मला माझे आजोबा आठवले. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांचा मोतीबिंदू शाळेत भरलेल्या शिबिरात काढला होता. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, कित्येक दिवस उताणं पडून राहणं. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची सुरुवात लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली केली होती, पण ती सोय आमच्या गावापर्यंत पोचली नव्हती. आजोबांना सोडाबाटलीच्या बुडासारखा चष्मा मिळाला. त्यातून वस्तू पाव पटीने मोठ्या आणि जवळ दिसतात. ते उंबऱ्याच्या अलीकडेच पाय उचलायचे आणि आम्ही पोरं हसायचो.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. भिंतीवरची शेवटची ओळ वाचली. घरी येऊन एकेक डोळा झाकून पाहत बसलो. नव्या डोळ्याला पांढरा सदरा पांढरा दिसत होता, जुन्या डोळ्याला चहा सांडून धुतल्यासारखा. आणि हातात थेंबांच्या बाटल्या होत्या. त्यातली एक स्टिरॉइडची. डोळ्यातली सूज उतरायला ते थेंब हवेतच, महिना-सव्वा महिना, दर आठवड्याला कमी करत, मध्ये दाब मोजत. बायकोने तक्ता करून फ्रिजवर लावला आणि माझ्या टेबलाच्या खणातले सॅम्पल मला न विचारता टाकून दिले.

आजी आठवड्याने दवाखान्यात आल्या, काळा चष्मा लावून. सुनेने तांदूळ निवडायचं काम पुन्हा दिलं म्हणून कुरकुरत होत्या. दुसऱ्या डोळ्याची तारीख आम्हा दोघांना एकाच दिवशी मिळाली आहे. यादीत त्यांचा नंबर माझ्या आधी आहे.