सात दिवसांचा बेत

मोठ्या माणसास दिलेला शब्द मोडला तर तो भांडतो, आणि भांडण मिटलें म्हणजे हिशेब पुरा होतो. लहान मुलास दिलेला शब्द मोडला तर तें थोडा वेळ रडतें, मग खेळावयास जातें, आणि आपणांस वाटतें कीं तें सारें विसरलें. आमचीही अशीच समजूत होती. ती कशी फिटली, तें सांगण्यासाठीं हा लेखनप्रपंच.

आमचें बिऱ्हाड विष्णुपुरीस आहे. गोदावरीच्या कांठचें काळेश्वराचें देऊळ, धरणाच्या दारांची लांबच लांब रांग आणि अडविलेल्या पाण्याचा विस्तीर्ण शंकरसागर, हें आमचें नित्याचें दृश्य. हें पाणी पंपांनीं उचलून उंचावरील शेतांस देतात, आणि नांदेड शहराची तहानही त्यानेंच भागते. गांवाच्या परिसरांत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. १९९४ सालीं स्थापन झालेलें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही आहे. परंतु अकरा वर्षांच्या मुलास विद्यापीठाचें काय कौतुक? आमच्या भगिनीचा मुलगा शिक्षणासाठीं आमच्याकडे राहतो. त्याची मागणी एकच होती : "मामा, मला एकदां हैदराबाद दाखवा."

हैदराबादच कां, असें कोणी विचारील. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यांत होता, आणि हैदराबाद ही आमच्या वडीलधाऱ्यांची राजधानी होती. पुढें १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, आणि आमची राजधानी मुंबई ठरली. परंतु आमच्या मातोश्रींच्या गोष्टींतील राजधानी कांहीं बदलली नाहीं. त्यांचे वडील उस्मानिया विद्यापीठांत उर्दूंतून गणित शिकून आले होते. रात्रीं जेवणें झालीं म्हणजे आजी नातवास वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या त्या शहराच्या गोष्टी सांगत, आणि नातू दुसऱ्या दिवशीं आमच्यापुढें उभा राही.

आम्हीं त्यास तीन वेळां शब्द दिला. पहिल्यानें २०२० च्या उन्हाळ्यांत नेण्याचें ठरलें. तेव्हां करोनाच्या सांथीमुळें साऱ्या देशाचींच दारें बंद झालीं. दुसऱ्या खेपेस कचेरींतील काम आडवें आलें. तिसऱ्या खेपेसही तेंच. पहिल्या वेळचें कारण खरें होतें. पण त्या खऱ्या कारणाच्या आडोशास पुढच्या दोन सबबी आम्हीं किती सहज लपविल्या, हें आज कबूल करावयास हरकत नाहीं. रजा मागितली असती तर मिळाली असती. आम्हीं ती मागितलीच नाहीं.

गेल्या वर्षीं नाताळच्या सुटीस महिना उरला असतां आम्हीं चौथ्यानें बेत मांडला. एक कोरी वही घेतली, सात दिवसांचीं सात घरें आंखलीं, आणि मोठ्या उत्साहानें भाचेरावांस हांक मारली. ते शेजारीं उदाहरणें सोडवीत बसले होते. वर न पाहतां ते म्हणाले, "मामा, तुम्ही लिहून ठेवा; पण मला सांगूं नका. सांगितलें कीं मग वाट पाहावी लागते."

त्या बोलण्यांत राग नव्हता, रुसवाही नव्हता. पावसाळ्यांत धरणाचीं दारें उघडण्यापूर्वीं नदीकांठच्या लोकांस जसा इशारा देतात, तशा शांत सुरांत त्यानें आम्हांस इशारा दिला होता. आम्ही लेखणी खालीं ठेवली. मुलास मिळणारी सहल तीनदां हुकली, एवढेंच आमचें अनुमान होतें. खरें पाहतां त्याची वाट पाहण्याची हौसच आम्हीं हिरावून घेतली होती.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं क्रम बदलला. आधीं रजेचा अर्ज दिला, मग जातां-येतांचीं तिकिटें काढलीं, आणि तीं वहींत घालून वही त्याच्या हातीं दिली. "बेत तूंच कर," आम्ही म्हणालों. त्यानें तिकिटांवरील तारखा दोन वेळां वाचल्या. नंतर आमचा मूळ बेत वाचला, आणि परीक्षकाच्या चेहऱ्यानें तो तपासावयास बसला.

आमच्या बेताची मग जी दुर्दशा झाली ती काय वर्णावी! रविवारीं प्रवास, सोमवारीं प्राणिसंग्रहालय आणि शुक्रवारीं सालारजंग संग्रहालय, अशी आमची योजना होती. चिरंजीवांनीं चौकशी करून सांगितलें कीं प्राणिसंग्रहालय सोमवारीं बंद असतें आणि सालारजंग शुक्रवारीं. म्हणजे आम्ही दोन्ही दारांवर कुलूप पाहून परतलों असतों. एका बुधवारांत आम्हीं गोवळकोंडा, चारमिनार आणि हुसेनसागर असे तीन मुक्काम कोंबले होते. "इतकें एका दिवशीं पाहिलें तर रात्रीं आठवेल काय?" असें त्यानें विचारलें, आणि आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. मोठीं माणसें बेत करतात तो पैसे वसूल करण्यासाठीं. मुलें करतात तो पाहण्यासाठीं.

त्यानें नवीं घरें भरलीं. सोमवारीं सालारजंग; तेथें एक घड्याळ आहे, त्यांतून दर तासाला एक बाहुला बाहेर येऊन टोले देतो, म्हणून तास भरण्यापूर्वींच पोंचावयाचें. मंगळवारीं प्राणी. बुधवारीं गोवळकोंडा, तेथें दरवाजाच्या घुमटाखालीं वाजविलेली टाळी वर बालाहिसारांत ऐकूं जाते, हें खरें कीं खोटें तें पाहावयाचें. गुरुवारीं सकाळीं १५९१ सालचा चारमिनार, संध्याकाळीं हुसेनसागर. त्या तलावांतील बुद्धमूर्ति १९९० सालीं नेतांना पाण्यांत बुडाली आणि दोन वर्षांनीं वर काढून उभी केली, ही हकीकत त्यास फार आवडली होती. शनिवारीं परत. शेजारच्या रकान्यांत गाडीभाडें, प्रवेशशुल्क आणि जेवणखाण यांचा अंदाज त्यानें इतक्या काटकसरीनें मांडला होता कीं आम्हांसच आमच्या उधळेपणाची लाज वाटली.

शुक्रवारचें घर मात्र कोरें होतें.

"हें राहिलें," आम्ही म्हणालों.

"राहिलें नाहीं, ठेवलें आहे," तो म्हणाला. "ठरविलेलें एखादें मोडलें तर त्याला जागा नको का?"

आमच्या वचनभंगाची त्यानें आगाऊ तरतूद करून ठेवली होती. तें कोरें घर आम्हीं पुष्कळ वेळ पाहिलें. वर्गांत शिक्षकानें दिलेलें शून्यही आम्हांस कधीं इतकें झोंबलें नव्हतें.

नाताळांत आजींनीं दिलेले धपाटे व शेंगदाण्याची चटणी घेऊन आम्ही निघालों. मुदखेड, धर्माबाद मागें पडलें, आणि बासर येथें गाडी गोदावरीच्या पुलावर चढली. "ही आपलीच नदी! आपल्या दारांतून सोडलेलें पाणी इकडे येतें," असें ओरडून त्यानें शेजारच्या प्रवाशांसही खिडकीशीं बोलाविलें. मग सोमवार त्याच्या बेताप्रमाणें झाला, मंगळवारही झाला.

बुधवारीं गोवळकोंड्याहून उतरून मुक्कामीं आलों, तों कचेरींतून दूरध्वनि आला. काम निकडीचें होतें. शुक्रवारीं सकाळीं हजर झालों तर बरें, असा निरोप. मागील दोन्ही बेत अशाच वाक्यानें बुडाले होते. आम्ही "पाहतों" म्हणून यंत्र खालीं ठेवलें, आणि वळून पाहतों तों भाचेरावांनीं आपली पिशवी पुढ्यांत घेतली होती. वाळत घातलेला सदरा काढून ते त्याची घडी घालीत होते. डोळ्यांत पाणी नाहीं, तोंडांतून शब्द नाहीं. त्या घडीवरून फिरणारा तो लहानसा हात आम्ही जन्मभर विसरणार नाहीं.

आम्हीं पुन्हां दूरध्वनि केला. रजा मंजूर झालेली आहे आणि आम्ही सोमवारींच येऊं, असें नम्रपणें सांगितलें. पलीकडे नाराजी दिसली. पुढें कांहीं दिवस ती सोसावीही लागली. पण आकाश कोसळलें नाहीं. काम सोमवारपर्यंत थांबलें. तें मागेंही थांबलें असतें, हा त्या रात्रींचा विचार मात्र आम्हांस झोंप येऊं देईना.

गुरुवार सरला आणि कोरा शुक्रवार उगवला. बेतांतील कांहींच मोडलें नव्हतें; तेव्हां हा दिवस सर्वस्वीं त्याचा होता. त्यानें आम्हांस उस्मानिया रुग्णालयाच्या आवारांत एका जुन्या चिंचेपाशीं नेलें. २८ सप्टेंबर १९०८ रोजीं मुसी नदीस महापूर आला, हजारों माणसें बुडालीं, आणि या चिंचेवर चढून बसलेले सुमारें दीडशें लोक वांचले, ही त्याच्या आजीची गोष्ट. पुढें विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यावरून शहराच्या वरच्या अंगास धरणें बांधण्याचें ठरलें. १९२० सालीं उस्मानसागर आणि १९२७ सालीं हिमायतसागर पुरा झाला. धरणाच्या गांवांत वाढलेल्या मुलास चारमिनाराहून ही चिंच जवळची वाटली, यांत नवल नाहीं. तो खोडास हात लावून बराच वेळ वर पाहत राहिला. मग म्हणाला, "त्या लोकांना ठाऊक नव्हतें ना, पाणी उतरेल कीं नाहीं? तरी ते धरून राहिले."

पालकहो, सुटींतील सहलीचा बेत करतांना गाडी, खर्च आणि बंद असण्याचे वार हें सारें जरूर पाहावें. परंतु वही आधीं मुलाच्या हातीं द्यावी, आणि तिकीट काढल्याशिवाय शब्द देऊं नये. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरींही एखादा मामा असेल. त्यास आणखी एक संधि द्या, एवढीच आमची विनंति.

शनिवारीं परततांना बासरचा पूल पुन्हां आला. भाचेरावांनीं वही काढली, एक नवें पान उलटलें, आणि हलणाऱ्या गाडींत वांकडीतिकडी सात घरें आंखलीं.

"मामा, पुढच्या नाताळांत कोठें? आतांच सांगा."

सांगितलें कीं वाट पाहावी लागते, याची आम्हीं त्यास आठवण दिली.

"पाहीन," तो म्हणाला.